आजोळची जुनी वाट आणि तिच्यावरचा पूल कसा शोधायचा: घरातल्या कागदापासून ओढ्याच्या पात्रापर्यंत

जुना रस्ता शोधणारे बहुतेक जण सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतात. थेट गावी जातात, पारावर बसलेल्या कुणाला तरी "इथला जुना रस्ता कुठला?" असं विचारतात, आणि तो दाखवेल ती दगडी मोरी (ओढ्यावरचा छोटा पूल) पणजोबांच्या काळातली समजून फोटो काढून परततात. पुढे कागद हाती आले की ती मोरी १९७२ च्या दुष्काळी कामातली निघते. पणजोबांची गाडी ज्या उतारावरून (पात्रातल्या उथळ जागेवरून) नदी पार करायची तो उतार दोन किलोमीटर वर असतो.

क्रम असा ठेवा: घर, गावाचं नाव, जमिनीचे कागद, नकाशे, बांधकामाच्या नोंदी, माणसं, आणि सगळ्यात शेवटी पाय. हा क्रम उलटला की समोर दिसलेल्या पहिल्याच जुन्या दगडाला आपण घरातली गोष्ट चिकटवतो. मग ती सोडवणं फार जड जातं, कारण तोवर सगळ्या नातेवाइकांना फोटो गेलेले असतात. इथली पद्धत महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे. विदर्भ, मराठवाडा आणि जुन्या संस्थानांतले कागद वेगळे असतात, त्यांचा उल्लेख जागोजागी केला आहे.

१. एका ओळीत प्रश्न लिहा

"आमच्या घराण्याचा जुना रस्ता" हा शोधता येण्याजोगा प्रश्न नाही. कोण, कुठून, कुठे, साधारण केव्हा, कशाने आणि कशासाठी, ही सहा उत्तरं एका वाक्यात बसवा. उदाहरणार्थ: "पणजी लग्न होऊन घाटावरच्या गावातून कोकणात आली, साधारण १९३५ च्या सुमाराला, सामान बैलावर आणि माणसं पायी." एवढ्यावरून आपण गाडीरस्ता नाही तर घाटवाट शोधतोय हे कळतं. बैलगाडी, लमाणी बैल, घोडा, डोली, पाय यांपैकी प्रत्येकाची वाट वेगळी असू शकते. बाजाराला जाणारी बैलगाडी लांबच्या वळणाने जायची, तर माहेरी निघालेली बाई खिंडीतून सरळ उतरायची.

घरात हे शोधा:

- जुन्या लग्नपत्रिका आणि पोस्टकार्डं. पोस्टाच्या शिक्क्यावरून टपाल कुठल्या पेठेतून यायचं ते कळतं.
- शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचे उतारे. जुन्या कोतवाल बुकात (गाव नमुना १४) जन्म-मृत्यू नोंदलेले असतात.
- त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली नोंद. यात मूळ गाव, तालुका आणि कधी कधी घराणं कुठून कुठे गेलं तेही मिळतं.
- दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडची (गावोगाव फिरून पिढ्यांची नावं सांगणाऱ्यांकडची) वंशावळ.
- जमिनीचे जुने उतारे, खरेदीखतं, गहाणखतं. खरेदीखतातली चतुःसीमा सोन्याच्या मोलाची असते. "पूर्वेस गाडीरस्ता, दक्षिणेस ओढा" एवढ्या एका ओळीवर अख्खा शोध उभा राहतो.

तारीख जुळवताना चूक होते ती सनांच्या फरकामुळे. शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरची तारीख असेल तर ७९. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदावरच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवा. मोडी कागदावरचा सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. "फसली १३५०" वाचून कुणी चौदाव्या शतकाची स्वप्नं बघू नयेत, तो कागद १९४०-४१ चा आहे.

अंतरंही जुन्या मापात येतात. मैल म्हणजे १.६ किलोमीटर आणि मैलाचे फर्लांग आठ. एक फर्लांग साधारण २०० मीटर. कोस ढोबळमानाने दोन मैल धरा, पण तो प्रदेशागणिक आणि सांगणाऱ्यागणिक बदलतो. "चार कोस" हे मोजलेलं अंतर नसतं, अर्ध्या दिवसाची चाल असते.

> तपासा: प्रश्नात निदान दोन गावांची नावं आणि वीस वर्षांच्या आतला काळ आला का? आला नसेल तर पुढे जाऊ नका, घरातल्या आणखी दोघांशी बोला.

२. गाव तेच आहे का?

इथे फसगत सगळ्यात जास्त होते. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, आणि बुद्रुक-खुर्द ही जोडी तर पावलोपावली. शेजारची वाडी आज स्वतंत्र महसुली गाव झालेली असते. धरणात गेलेलं गाव त्याच नावाने पन्नास किलोमीटरवर पुन्हा वसलेलं असतं.

जिल्ह्याचं नावही काळाप्रमाणे बदलत गेलंय. जुन्या कागदावर "जि. कुलाबा" असेल तर तो आजचा रायगड. "दक्षिण सातारा" म्हणजे सांगली. "पूर्व खानदेश" म्हणजे जळगाव आणि "पश्चिम खानदेश" म्हणजे धुळे, आणि धुळ्यातूनच १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. मालवण-कणकवलीकडची गावं १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती, जालना त्याच वर्षापर्यंत औरंगाबादेत, आणि लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत.

गाव फलटण, औंध, भोर, जत, मिरज, सावंतवाडी, जंजिरा किंवा कोल्हापूर अशा संस्थानात असेल तर तिथले १९४८-४९ पूर्वीचे कागद इंग्रजी मुलखातल्या मांडणीत सापडत नाहीत. कोल्हापूरसाठी तिथल्या पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि मुंबई इलाख्याचा मोठा संग्रह मुंबईच्या पुराभिलेखागारात. विदर्भाची गावं १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडकडे (१९५० पासून त्याचंच नाव मध्य प्रदेश) होती, त्यांच्यासाठी नागपूर गाठा. मराठवाड्याचे काही कागद हैदराबादला आहेत.

३. जमिनीचे कागद: जुना नंबर काढल्याशिवाय नकाशा मागू नका

आजचा सातबारा गट नंबरावर चालतो. जुना गाव नकाशा सर्व्हे नंबरावर चालतो. या दोहोंमध्ये जमीन एकत्रीकरण आलं. तुकडेबंदी-तुकडेजोडचा कायदा १९४७ चा आहे आणि त्याखाली पुढची अनेक वर्षं गावोगावी एकत्रीकरणाच्या योजना राबवल्या गेल्या. त्यामुळे आजचा गट नंबर जुन्या नकाशावर शोधत बसणारे दिवस वाया घालवतात. कोकणात बऱ्याच ठिकाणी सर्व्हे-हिस्सा नंबरच चालू आहेत, तिथे हे काम सोपं जातं.

क्रम असा:

1. आजचा सातबारा आणि आठ-अ काढा.
2. सातबाऱ्यावरचे फेरफार नंबर लिहून घ्या आणि मागे मागे जा. एकत्रीकरणाच्या फेरफारापाशी थांबा.
3. एकत्रीकरण योजनेचं पत्रक बघा. त्यात गट नंबरासमोर जुने सर्व्हे नंबर असतात.
4. आता तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात जुना गाव नकाशा, त्या सर्व्हे नंबरांची टिपणं (मोजणीचे मूळ आराखडे) आणि फाळणी (पोटहिस्स्यांचे आराखडे) मागा.

काही तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. विदर्भात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही तीन नावं लक्षात ठेवा. गावकऱ्यांचे जाण्यायेण्याचे हक्क शेवटच्या दोन कागदांत येतात. मराठवाड्यात खासरा पत्रक मागा.

गाव नकाशावर रस्ता कसा वाचायचा ते आधी शिकून घ्या, कारण सगळ्या रेषा सारख्या नसतात:

- दोन भरीव रेषा: ग्रामीण रस्ता किंवा हद्दीचा (शिवेवरचा) रस्ता. याचं क्षेत्र कुठल्याच सर्व्हे नंबरात धरलेलं नसतं.
- दोन तुटक रेषा: ग्रामीण गाडीमार्ग. रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. क्षेत्र त्या त्या नंबरात पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून धरलेलं.
- एक तुटक रेषा: पायमार्ग. रुंदी सव्वाआठ फूट. हाही पोटखराबात.
- रेषाच नाही: शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या वाटा नकाशावर दाखवलेल्या नसतात. नकाशात नाही म्हणून वाट नव्हती, असा निष्कर्ष काढू नका.

हे आकडे मनाने आलेले नाहीत. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने व्हायची. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. गुंठाही तेहेतीस बाय तेहेतीस फुटांचा. टिपणावरचे आकडे साखळी आणि आण्यांत असतात. साखळीचे आणे सोळा, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त.

> इशारा: नकाशाच्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. झेरॉक्समध्ये आकार बदलतो. नकाशावर छापलेली मोजपट्टी तिच्यासकट प्रत करून घ्या आणि तिच्यावरूनच मोजा.

> इशारा: महाभूनकाशावर ऑनलाइन दिसतो तो चालू गट नकाशा. जुन्या रस्त्याचा पुरावा म्हणून तो वापरायचा नाही, आज तिथे कुणाचं शेत आहे हे कळण्यापुरता वापरा.

४. भारतीय सर्वेक्षणाचे नकाशे आणि एकावर एक ठेवणं

गाव नकाशा शिवेपाशी संपतो. दोन गावांमधली वाट जोडायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट लागतात. सध्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. पण आपल्याला मुख्यतः हवेत ते जुने, एक इंचाला एक मैल प्रमाणाचे. ते पुराभिलेखागारांत आणि जुन्या महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत विचारा. १९५० च्या दशकातले अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या नकाशा संग्रहात खुले आहेत. ते ढोबळ आहेत, पण तेव्हा कोणता रस्ता मुख्य होता हे त्यांवरून कळतं.

जुन्या शीटचा नंबर स्वतः काढता आला पाहिजे. ४७ या पत्रकात ७२ ते ७६ अंश पूर्व आणि १६ ते २० अंश उत्तर हा चौकोन येतो. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए पासून पी पर्यंत, वरून खाली आणि मग पुढचा रकाना. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच क्रमाने. पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये येतं ते असं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन हा हिशेब कागदावर करा. नवे मोफत नकाशे वेगळ्या नंबरांनी आहेत, त्यांचा जुन्या नंबराशी घोळ करू नका.

आता जुना नकाशा उपग्रह चित्रावर बसवायचा. संगणकावर 'क्यूजीआयएस' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

1. नकाशा सपाट ठेवून स्कॅन करा. मोबाइलने काढलेल्या फोटोत कडा वाकतात.
2. न हललेल्या निदान सहा खुणा निवडा. डोंगरमाथ्यावरचा त्रिकोणमितीचा बिंदू, रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, दगडी विहीर चालेल. नदीचं वळण, ओढ्याचा संगम आणि गावठाणाची कड नको, कारण ती सरकतात.
3. खुणा नकाशाभर पसरवा. सगळ्या एका कोपऱ्यात घेतल्या तर उरलेला नकाशा भरकटतो.
4. नकाशा बसला की सातवी खूण घ्या, जी आधी वापरलेली नाही. तिथे किती चूक येते तेवढी तुमची खरी चूक.

पायरी चार बहुतेक जण गाळतात. सातव्या खुणेवर ८० मीटर फरक येत असेल, तर पुढे शेतात १० मीटरच्या अचूकतेने वाट दाखवण्यात अर्थ नाही. जुने नकाशे एव्हरेस्ट मापनपद्धतीवर आहेत आणि मोबाइलचा जीपीएस वेगळ्या. नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले तर शंभर मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो. आकडे उतरवण्याऐवजी खुणांवरूनच नकाशा बसवा.

गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात. एप्रिल-मे महिन्यातली चित्रं निवडा. पीक आणि गवत नसल्याने जुन्या पाणंदीची (शेतांमधल्या वाटेची) रेघ उठून दिसते. ऊस असलेल्या पट्ट्यात मात्र वर्षभर काही दिसत नाही.

> इशारा: उपग्रह चित्रातली सरळसोट, एकसारख्या उताराची रेघ बहुधा कालवा किंवा पाइपलाइन असते. पाणंद शेताच्या बांधांप्रमाणे वळते.

५. पूल आणि मोऱ्यांच्या नोंदी

पूल बघायला जाण्याआधी तो कुणाच्या खात्यात आहे ते शोधा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. त्याआधीचे गावरस्ते जिल्हा लोकल बोर्डाकडे असायचे, म्हणून जुन्या अर्जांत आणि कोनशिलांवर ते नाव येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे लांबलचक कौटुंबिक इतिहास लिहू नका. नेमका कागद मागा (गाळा म्हणजे पुलाच्या दोन खांबांमधली मोकळी जागा): "मौजे अमुक, तालुका अमुक, अमुक ओढ्यावरील पुलाच्या नोंदवहीतील पानाची प्रत, ज्यात बांधकामाचं वर्ष, गाळ्यांची संख्या, गाळ्याची लांबी आणि दुरुस्त्यांची वर्षं आहेत." "पुलाचा इतिहास कळवा" असं लिहिलंत तर माहिती उपलब्ध नाही, एवढंच उत्तर येतं.

जोडीने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा आपल्या जिल्ह्याचा खंड उघडा. व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, घाट, पूल, तरी (नावेने नदी उतरायच्या जागा) आणि धर्मशाळा यांची वर्णनं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पूल होता की नावेने उतरायचे, हे अनेकदा तिथेच समजतं.

६. गावात बोलणं: टेप पिशवीत, हेतू आधी

या टप्प्याला घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं. पाणंद, शीवरस्ता आणि शेतरस्ता यांवरून गावोगावी वर्षानुवर्षं तंटे चालू आहेत. काही तहसीलदारांपुढे, काही कोर्टात. हातात नकाशा आणि टेप घेतलेला परका माणूस बांधावरून चालताना दिसला की शेतकऱ्याला वाटतं मोजणी आली, आता आपल्या शेतातून रस्ता काढणार. ही भीती खरी आहे, तिचा मान ठेवा.

आधी ग्रामपंचायतीत जाऊन सरपंच आणि तलाठ्यांना (आता हे पद ग्राम महसूल अधिकारी म्हणून ओळखलं जातं) भेटा. आपण कुणाचे कोण, कुठल्या भावकीतले, कशासाठी आलो, हे सांगा. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. रस्ता कुणाच्या हद्दीत येतो यावर कुणी कितीही विचारलं तरी मत देऊ नका. तुमच्या हातातला नकाशा कुणी फोटो काढायला मागितला तर भूमि अभिलेख कार्यालयातून प्रत मिळते, एवढंच सांगा.

बोलताना "जुना रस्ता कुठे होता?" हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर म्हणून आजच्या रस्त्याचंच वळण मिळतं. असं विचारा:

- आबा, तुमच्या लहानपणी बाजाराला गाडी कुठून जायची? पावसाळ्यातही तिथूनच?
- ओढ्याला पूर आला की पलीकडे कसं जायचे?
- आजी, तुम्ही माहेरी पायी जायचात तेव्हा पाणी प्यायला कुठे थांबायचात?
- वरात कुठल्या वेशीतून आली?
- यात्रेची पालखी कुठल्या वाटेने जाते? अजून तीच वाट आहे?
- गावात पहिली एसटी कधी आली, आणि कुठपर्यंत?

आजींशी वेगळं बसून बोला, घरातल्या पुरुषांच्या समोर नको. शेताच्या आणि तालुक्याच्या वाटा पुरुष सांगतात. माहेरच्या, पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा बायकांनाच ठाऊक असतात. पालखीची वाटही नीट विचारा. रस्ता बदलला तरी पालखी सहसा जुन्या वाटेनेच जाते.

काळ विचारताना सन विचारू नका. खुणेचा प्रसंग विचारा: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा पूल होता का? मराठवाड्यात पोलीस अॅक्शन (सप्टेंबर १९४८) किंवा किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). नवे पैसे आले ते १९५७ मध्ये. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, त्यामुळे आडगावात एसटी त्यानंतरच आली असणार.

> तपासा: एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे तीच वाट सांगितली का? एकाच पारावर बसलेल्या चौघांचं एकमत ही एकच साक्ष धरा.

७. चालण्याआधी: हंगाम आणि धोके

देशावर रब्बीची काढणी झाल्यावर, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. घाटवाटांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. नदीपात्रातले उतार आणि जुने पाये बघायला मे, पण पहिल्या वळवाच्या आत. उजनीसारख्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांचे रस्ते आणि देवळं उघडी पडतात. मात्र वरून सुकलेल्या गाळाखाली ओला चिखल असतो. स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय त्यात पाय घालू नका.

सोबत घ्या: माणशी तीन लिटर पाणी, जाड तळव्याचे बूट, काठी, टॉर्च, ३० मीटरची टेप, मोठी पट्टी, वही आणि पेन्सिल (पेनाची शाई घामाने पसरते), पॉवर बँक, आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवलेला ऑफलाइन नकाशा. निदान दोघं जा, घाटात तिघं.

- आग्या मोहोळ: पुलाच्या कमानीखाली आणि घाटातल्या कड्यांवर बऱ्याचदा असतं. आधी लांबून दुर्बिणीने किंवा कॅमेऱ्याच्या झूमने बघा. मोहोळ असेल तर खाली जाऊ नका. धूर, अत्तर, ड्रोन काहीही नको.
- फुरसं आणि घोणस: दगडांच्या ढिगात, पडक्या कठड्यात. खूण शोधायला हाताने दगड उलटवू नका.
- मगरी: सांगली भागात कृष्णेत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत आहेत. पाण्यात उतरून पाया मोजण्याचा मोह टाळा.
- धरणाचं पाणी: खालच्या बाजूला पात्रात असताना भोंगा ऐकला की आधी वर या, सामान नंतर.
- पूल स्वतः: महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला गर्दीच्या भाराने कोसळला. जुना पूल वरून भक्कम दिसतो, पण त्याच्या पायाखालची माती गेलेली असू शकते. बंद केलेल्या पुलावर चढू नका, आणि भरल्या नदीवरचा कोणताही जुना पूल पावसाळ्यात मोजू नका.

राखीव जंगलातल्या किंवा अभयारण्यातल्या वाटेसाठी वनविभागाची परवानगी लागते. कोयना-चांदोली भागातल्या बऱ्याच घाटवाटा यात येतात. रेल्वेच्या पुलावर आणि रुळांवर जायचं नाही.

८. प्रत्यक्ष वाटेवर

मोबाइलवर मार्गनोंद चालू करा आणि ठळक खुणेपाशी मिनिटभर थांबून बिंदू घ्या. चालता चालता घेतलेला बिंदू झाडीत आणि दरीत बराच सरकतो.

जुन्या वाटेच्या खुणा एकेकट्या फसवतात. दोन-तीन एकत्र आल्या की भरवसा ठेवा: दोन्ही बाजूंना शेर-निवडुंगाचं जुनं कुंपण, शेतांपेक्षा खोल गेलेली पाणंद, ओळीने जुने वड किंवा चिंचा, बारव, धर्मशाळेचा चौथरा, मैलाचा दगड, वेशीबाहेरचा मारुती, शिवेवरचा दगड. कोकणात जांभ्याची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आणि वहाळावरचा साकव (छोटा पायपूल). वीरगळ दिसला म्हणून तिथून वाट होतीच असं नाही, कारण वीरगळ नंतर उचलून देवळापाशी आणून ठेवलेले असतात. मैलाच्या दगडावर अंतर मैलांत असेल तर तो साधारण साठच्या दशकाआधीचा.

खडकात चाकोऱ्या दिसल्या तर दोन चाकोऱ्यांमधलं अंतर तीन ठिकाणी मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. तिन्ही मापं जवळजवळ सारखी आली तर गाडीच्या चाकांनी खडक झिजलाय. बदलती आली तर ते पाण्याचं काम आहे.

पूल मोजण्याचा क्रम:

1. आधी पाच फोटो: वरच्या अंगाने, खालच्या अंगाने, रस्त्यावरून दोन्ही टोकांकडून, आणि कमानीच्या पोटाचा. प्रत्येक बारकाव्याच्या फोटोत पट्टी हवी.
2. गाळे मोजा. वाळूत किंवा मातीत बुजलेला कडेचा गाळाही धरा.
3. गाळ्याची रुंदी कमान जिथून वळायला लागते त्या पातळीवर, आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत.
4. कठड्यांमधली रस्त्याची रुंदी.
5. खांबांचा आकार. पाण्याला तोंड देणारी बाजू टोकदार असते. ही टोकं आजच्या प्रवाहाकडे नसतील तर पात्र सरकलंय.
6. दगड कोणता (काळा की जांभा), घडीव की ओबडधोबड, सांध्यात चुना की सिमेंट. चुन्यात पांढरे खडे दिसतात, सिमेंट करडं असतं. सांधा खरवडून बघू नका.
7. कमानीच्या पोटात उभा जोड शोधा. अर्धी दगडी कमान आणि पुढे काँक्रीटचा स्लॅब असेल तर पूल नंतर रुंद केलाय. तो जोड वरून दिसत नाही, आणि नेमका तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

कोनशिला वाचताना ती बांधकामाची की दुरुस्तीची, ते शब्दशः उतरवा. छोट्या मोऱ्यांत जुने रूळ तुळई म्हणून वापरलेले असतात आणि रुळाच्या अंगावर साल उठवलेलं असतं. ते साल रुळाचं, मोरी त्यानंतरची. गावात "ब्रिटिशकालीन" हा शब्द प्रत्येक जुन्या पुलाला लागतो. काँक्रीटचा सपाट स्लॅब असलेली गावओढ्यावरची मोरी स्वातंत्र्यानंतरची असण्याचीच शक्यता जास्त.

> इशारा: शिलालेख स्पष्ट दिसावा म्हणून खडू, तेल, कुंकू, तारेचा ब्रश किंवा आम्ल लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, नाहीतर बाजूने टॉर्च धरून फोटो घ्या. साधं पाणीही जांभ्यावर नको.

९. ताळा आणि जपणूक

वाटेचा प्रत्येक तुकडा तीन रंगांत दाखवा. हिरवा: कागद, साक्ष आणि जागेवरची खूण तिन्ही जुळतात. पिवळा: दोन जुळतात. लाल: एकच आधार. बहुतेक वाटांचा मधला भाग लालच राहतो. तो तसाच दाखवा, सरळ रेघ ओढून भरून काढू नका.

मग पहिल्या टप्प्यातलं वाक्य पुन्हा वाचा. वाट होती हे सिद्ध झालं म्हणजे पणजी त्याच वाटेने आली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी घरातली साक्ष आणि वाटेचा काळ दोन्ही जुळले पाहिजेत. पूल १९३८ चा असेल आणि लग्न १९३५ चं, तर ती पुलावरून आलेली नाही, उताराने आली. मग तो उतार शोधायचा.

फोटोंची नावं तारीख-गाव-खूण-क्रमांक अशी ठेवा. मार्गनोंद जीपीएक्स स्वरूपात जपा आणि सगळ्याची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे ठेवा. आडरानातल्या वीरगळ, समाधी किंवा बारवेचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधनाच्या नादाने लोक अशा जागा रात्रीत खणून काढतात. ज्यांनी वाट सांगितली त्या आबा-आजींना छापील फोटो आणि त्यांच्या नावानिशी लिहिलेलं टिपण नेऊन द्या. एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा गावच्या वाचनालयाला द्या. तिच्यावर ठळक लिहा: "हा कौटुंबिक इतिहासाचा आराखडा आहे, हद्द किंवा रस्त्याचा हक्क ठरवण्यासाठी नाही."